मावशीचं लोह

आजही रानात जायचं म्हटलं, की माझा हात आधी कमरेला जातो आणि पट्टा सोडतो. बायकोला याची सवय झाली आहे, शेजाऱ्यांना अजून नाही. पट्ट्याच्या बक्कलात लोखंड असतं आणि बाजरीच्या रानात लोखंड न्यायचं नसतं, हे मी त्यांना एकदा नीट समजावून सांगितलं. तेव्हापासून त्यांची मुलं आमच्याकडं खेळायला येत नाहीत.

ही खोड मूळची माझी नव्हे, सरांची. येडशीच्या अलीकडं, रुळापासून हाकेच्या अंतरावर आमचं बाजरी संशोधन केंद्र आहे. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पंपघर, एक कडुनिंब आणि हरळीनंसुद्धा विचार करून उगवावं अशी मुरमाड जमीन. सर तिथले पैदासकार. म्हणजे एका वाणाचा पराग दुसऱ्याला देऊन तिसरंच काही निपजतं का, हे आयुष्यभर बघत बसणारा माणूस. मी कंत्राटी सहायक. म्हणजे ते बघत असताना छत्री धरणारा.

पहिल्या दिवशी मी गेटात शिरलो, तर सर समोर उभे आणि उजवा तळहात पुढं केलेला. मला भरून आलं. एवढा शिकलेला माणूस आपल्याशी हात मिळवायला गेटापर्यंत चालत आला. मी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि चांगला हलवला. त्यांनी तो शांतपणे हलवू दिला. मग म्हणाले, "झालं? आता लोखंड काढ."

किल्ल्या, कडं, पट्टा, सगळं त्या तळहातावर गेलं. मग त्यांनी माझ्या चपला उलट्या करून खिळे तपासले. नोकरीचा पहिला दिवस म्हणून मी थोरल्या भावाची पँट घालून आलो होतो, ती पट्ट्यावाचून जागेवर राहीना. सरांनी टेबलाच्या खणातून सुतळी काढून दिली. खणात कमरेच्या मापाचे तुकडे कापून तयार ठेवलेले होते. इथं फसलेला मी पहिला नव्हे एवढं त्यावरून कळलं आणि जरा बरं वाटलं.

कारण साधं होतं, मला मात्र ते कळायला एक खरीप गेला. आपल्या भागात पोतं भरून देणारी बाजरी असते आणि लोह-जस्त भरपूर असलेली बाजरीही असते, पण दोन्ही एका कणसात नांदत नाहीत. पोतं भरणारीत लोह कमी, आणि लोहवाली पिकते ओंजळभर. सरांना कमी पावसात दोन्ही एकत्र आणायचं होतं. आणि दाण्यातलं लोह एवढं सूक्ष्म, की विळ्याचा किंवा किल्लीचा गंज नुसता घासला तरी तपासणीत आकडा फुगून बसतो. म्हणून नमुन्याची कणसं हातानं मोडायची, कापडावर पसरायची, लाकडाच्या दांड्यानं बडवायची आणि कागदाच्या पाकिटात भरायची. पाकिटाला टाचणीसुद्धा लावायची नाही. खळ.

इथवर ठीक होतं. माझा गोंधळ खरा सुरू झाला तो नावांपाशी.

वाणांना नंबर असतात. सरांना ते सगळे पाठ होते, पण तोंडानं ते कधी नंबर घ्यायचे नाहीत. नंबराला तोंडवळा नसतो म्हणायचे. एक वाण होता जावई. कणीस ठोसर, पण खतपाण्याचा मानपान जरा चुकला की रुसायचा. दुसरा तलाठी. सगळं रान फुलून गेल्यावर हा सावकाश फुलणार. तिसरी सासू. तिच्यात लोह भरपूर, पण अंगभर कुसळं, चिमण्यासुद्धा तिच्या वाटेला जायच्या नाहीत. आणि चौथी मावशी. लोहाऱ्याकडच्या कुणाच्या तरी बांधावरून सरांनी तिचं बी मूठभर आणलं होतं. एका कोरड्या वर्षी ज्या वाणावर सरांची सगळी भिस्त होती तो उभा वाळला, आणि शेजारची ही बिननावाची ओळ तशीच हिरवी राहिली. माय मरो पण मावशी जगो. नाव पडलं.

पुढं त्या मावशीला सासूचं लोह दिलं, मग जावयाचं कणीस दिलं. म्हणजे मावशी एका अर्थी सासूची लेक झाली, आणि जावयाची... इथं मी विचार करणं सोडून द्यायचो.

बाजरीच्या कणसात आधी बाईमाणूस फुलतं, बाप्या मागाहून. मधल्या त्या थोड्या अवधीत हवा तो पराग आणून द्यायचा आणि कणसाला कागदाची टोपी चढवायची. पहिल्याच मोसमात सर म्हणाले, सकाळी सासूचा पराग मावशीला दे. मी इमानानं मावशीचा सासूला दिला. चूक कळल्यावर वर वादही घातला, की सर, नातं तर तेच राहिलं ना. ते म्हणाले, "पदवीधर, तुझं लग्न हून जाऊ दे. मग इचार हे."

पदवीधर हे माझं नाव नव्हे, पण केंद्रावर मला दुसरं नाव नव्हतं.

एकदा आम्ही एसटीनं लोहाऱ्याला चाललो होतो. सरांचा फोनवरचा आवाज म्हणजे अख्ख्या गाडीला फुकटची बातमी. पलीकडं केंद्रावरच्या शेवंताबाई. सर त्यांना सांगत होते, की मावशीची मुंडकी मोडून घ्या, कापडात बांधा आणि सासूच्या शेजारी वाळत टाका, पण दोघींना एकमेकींत मिसळू देऊ नका. पुढच्या सीटवरची म्हातारी आपलं गाठोडं घेऊन उठली आणि कंडक्टरच्या शेजारी जाऊन बसली. मी मागून हळूच म्हणालो, "आजी, बाजरीचं बोलतायत ते." ती कंडक्टरला म्हणाली, "ह्यो बी त्यातलाच दिसतोय."

सरांचं एक वाक्य होतं. ते त्यांनी कुठून आणलं ठाऊक नाही, पण ते कुठंही लागू व्हायचं. "बरं दिसतंय म्हंजे कुठंतरी चुकलंय." दवाखान्यात त्यांच्या रक्ताची तपासणी केली, साखर-बिखर सगळं जागेवर निघालं. डॉक्टरांनी अभिनंदन केलं. सर म्हणाले, परत करा. डॉक्टर म्हणाले, अहो, उत्तम आहे. सर म्हणाले, म्हणूनच. माझ्या लग्नाला आले तेव्हा आहेर देऊन झाल्यावर त्यांनी माझ्या बायकोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरं दिसतंय." वाक्याचा पुढचा भाग त्यांनी लोकलाजेस्तव गिळला. बायको अजूनही अधूनमधून तो पुरा करून दाखवते.

आता डब्यांचं सांगतो.

सर निवृत्त व्हायच्या आधीचा तो शेवटचा खरीप. मावशी यंदा अशी भरली होती, की जावयानं लाजावं. तिच्या दाण्यातलं लोह मनासारखं निघालं, तर वाण शिफारशीच्या बैठकीत तिचं नाव जाणार होतं. नाही निघालं, तर सर घरी आणि मावशी फडताळात. मागं कुणी तिला बघणारं नव्हतं. मी होतो, पण मला कुणी धरत नव्हतं. मीसुद्धा.

नेमकं दाणे भरायच्या वेळी सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ते सोलापूरला गेले. जाताना मला बांधावर उभं करून म्हणाले, चिमण्यांपासून मावशीला सांभाळ, आणि रानात लोखंड नेऊ नको. बाकी काहीही झालं तरी चालंल.

चिमण्या आल्या. पावसानं मऊ झालेल्या कागदी टोप्यांना त्यांनी भोकं पाडली आणि माझ्यादेखत दाणे टिपायला लागल्या. मी ओरडून पाहिलं. त्यांना माझा आवाज आवडला असावा, त्या आणखी मैत्रिणी घेऊन आल्या. मग मला युक्ती सुचली. मला सुचलेल्या युक्त्यांचा इतिहास बघता तिथंच थांबायला हवं होतं. येडशी स्टेशनजवळच्या भजीवाल्याकडून मी तेलाचे रिकामे डबे आणले, मावशीच्या ओळीवर बांबू रोवले, तार ओढली आणि डबे टांगले. वारा आला की खणखण खणखण. एक चिमणी फिरकली नाही.

तुम्ही म्हणाल, लोखंड न्यायचं नव्हतं ना? अहो, पण ते लोखंड कुठं होतं? तो पत्रा होता. आमच्याकडं पत्रा वेगळा आणि लोखंड वेगळं. घरावर पत्रा असतो, कुणी लोखंडाखाली राहतो म्हणत नाही. तारेचं म्हणाल, तर तार म्हणजे तार.

मग चार दिवस झड लागली. पाऊस डब्यांवर पडला, डब्यांवरून मावशीवर पडला. मी पंपघरात बसून खणखणाट ऐकत होतो आणि स्वतःवर खूश होत होतो. सर परतले तेव्हा मावशीची कणसं हातानं मोडून, कापडावर बडवून, खळ लावलेल्या पाकिटांतून तपासणीला गेली होती. डबे पंपघरामागं रचले होते. सरांनी काळ्या चष्म्याआडून रिकामं रान बघितलं आणि एवढंच विचारलं, की लोखंड? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, नाव नको सर.

संक्रांतीच्या सुमारास निकाल आला. मावशीच्या दाण्यात इतकं लोह निघालं, की वरच्या कार्यालयातून साहेबांचा फोन आला. साहेब असे स्वतःहून फोन करत नसत. सरांच्या निरोप समारंभाला जोडूनच सत्कार करायचा ठरला. एक वार्ताहर मावशीच्या कणसासोबत सरांचा फोटो मागायला आला. शेवंताबाईंनी पेढे वाटले. मी नाचायचाच बाकी होतो, आणि सुतळी नसती तर तेही केलं असतं.

सर खुर्चीत बसून राहिले. "लई बरं दिसतंय," म्हणाले.

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. कणसं कुणी मोडली? शेवंताबाईंनी. हातात बांगड्या कसल्या? काचेच्या. कापड कुठलं? धुतलेलं. दांडा? लाकडाचा. साहेबांनी फोनवर त्यांना समजावलं, की प्रयोगशाळेत लोहाबरोबर ॲल्युमिनियमही मोजलंय. मातीची धूळ लागली असती तर तेही चढलं असतं, ते जागेवर आहे, म्हणजे लोह दाण्यातलंच. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, आणि मला तर कशातलं काही कळत नव्हतं. एकट्या सरांना पटेना. सासूत जेवढं नव्हतं तेवढं लेकीत आलं कुठून, हेच ते पुटपुटत होते.

चौथ्या दिवशी सकाळी ते मावशीच्या मोकळ्या ओळीत जाऊन उभे राहिले. बांबू मी काढले नव्हते, पुढच्या वर्षी उपयोगी पडतील म्हणून. सर एका बांबूजवळ वाकले. वरून खालपर्यंत तांबडा ओघळ होता. त्यांनी बोट ओलं केलं, ओघळावर फिरवलं आणि जिभेला लावलं. मग मला हाक मारली.

"पदवीधर, हे तांबडं काय?"

मी अभिमानानं सांगितलं, की सर, डबे बांधले होते, एक चिमणी फिरकली नाही.

सर सरळ झाले. पंपघरामागं गेले, रचलेल्या डब्यांतला एक उचलला, त्याचं बूड माझ्यापुढं धरलं. बुडाला बाजरीच्या भाकरीसारखी खरपूस तांबूस चाळण झाली होती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की पत्रा हा लोखंडाचाच धाकटा भाऊ.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली उकिडवे बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ते ऑपरेशनचं की कशाचं, हे मला कळलं नाही.

मी त्यांच्या पाया पडायच्या बेतात होतो, पण तोंडातून भलतंच निघालं. म्हणालो, सर, कुणाला काय कळणार आहे? प्रयोगशाळेला कळलं नाही, साहेबांना कळलं नाही. मावशी बैठकीला जाऊ द्या, पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी मी न्हाय." मग म्हणाले, "ही भाकर बाळंतीण खाणार. दवाखान्यातली बाई तिला सांगणार, ही खा, रगत भरंल. आन् ते भरणार न्हाय. कागदाला फसवता येतंय रे. रगताला कसं फसवायचं?"

त्यांनी त्याच दिवशी मावशीचा निकाल मागं घेतला. कारणाच्या जागी लिहिलं: नमुन्यावर गंजलेल्या पत्र्याचं पाणी पडलं. कुणी डबे बांधले ते लिहिलं नाही. साहेबांनी फोन करून त्यांना चांगलंच सुनावलं, की अहो, जाता जाता स्वतःच्या पायावर धोंडा कशाला? समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. भाषणांत बाजरीचं कुणी नाव काढलं नाही. एका वक्त्यानं तर सरांच्या ज्वारीच्या कार्याचा गौरव केला. सर टाळ्या वाजवत होते.

जाताना त्यांनी मावशीच्या बियांची पाकिटं माझ्या हातात दिली. माझ्याच का, हे मला समजलं नाही. समजा तुमच्या घराला कुणी आग लावली, तर जाताना किल्ल्या तुम्ही त्याच्याकडं द्याल का?

पुढच्या खरिपात मी मावशी पेरली. डबे नव्हते, जुन्या कॅसेटींच्या फिती बांधल्या होत्या. चिमण्या त्यांना भीत नव्हत्या, म्हणून सकाळ-संध्याकाळ मीच ओळीत उभा राहून हातवारे करायचो. येडशीकडं जाणाऱ्या गाड्यांतले लोक खिडकीतून मला हात करायचे. कणसं मोडली, बडवली, पाठवली. निकाल आला. मागच्यासारखा डोळे दिपवणारा नव्हता, पण पाहिजे त्या रेषेच्या वर होता. नव्या साहेबांनी विचारलं, प्रस्ताव पाठवायचा का? मी म्हटलं, एका माणसाला विचारून सांगतो.

सरांचं घर सास्तूरला. लोहाऱ्याहून जीपनं गेलो. भूकंपानंतर वसवलेल्या गावात सारख्या घरांच्या सारख्या रांगा. मी एका घरात शिरलो, चहा घेतला, भाकरीचा आग्रह मोडला आणि निघताना कळलं, की सर पलीकडच्या रांगेत राहतात. त्या घरच्यांनीही मी कोण हे विचारलं नव्हतं.

सर ओसरीवर होते. मी निकाल सांगितला. त्यांनी पेरणी, काढणी, बडवणी, सगळं कुणी केलं ते विचारलं. सगळ्याला उत्तर एकच होतं, की मी. मग त्यांनी उजवा तळहात पुढं केला. मी सवयीनं पट्टा सोडायला लागलो.

"पट्टा ऱ्हाऊ दे. बी दाखव."

पिशवीतून मी डबा काढला. बिस्किटांचा, पत्र्याचा. कडेला तांबूस रेघ आलेली. तो बाहेर आल्यावर मला दिसला. आणताना फक्त सोयीचा वाटला होता.

सर डब्याकडं बघत राहिले. "तपासणीला कशात घालून धाडलं?"

"पाकिटात, सर. कागदाच्या."

"नक्की?"

पाकिटं मला आठवत होती, खळसुद्धा आठवत होती. पण टेबलावर शेजारी हा डबाही आठवायला लागला. बी आधी डब्यात आणि मग पाकिटात, की आधी पाकिटात आणि उरलेलं डब्यात? जितका विचार करावा तितका डबा मोठा होत गेला.

"बहुतेक," मी म्हणालो.

"बहुतेक," ते म्हणाले. दाणा दाताखाली धरून बघावा तसं.

एवढ्यात आतून काकू, सरांच्या मंडळी, भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. मावशीचीच भाकरी, सरांनी परसात चार ओळी लावल्या होत्या. बाजूला उभं राहून काकूंनी आमचं बोलणं ऐकलं असावं. म्हणाल्या, "जलमभर बाजरीत लोखंड घालत हिंडले. माज्या तव्यातनं किती जातंय, ते एकदा तरी इचारलं का?"

सरांचा घास थांबला. त्यांनी भाकरी उलटी करून बघितली, मग आत चुलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. इतक्या वर्षांत मी गोंधळलेला असायचो आणि ते मला बघायचे. त्या दिवशी पहिल्यांदा उलटं झालं.

"तवा कवाचा हाय?"

"लग्नातला. तुमच्या म्होरंच घेतलेला."

त्यांनी उरलेली भाकरी संपवली. हात धुतले. मला म्हणाले, "परत कर."

"काय सर, बाजरी का तवा?"

"बाजरी तू कर. तव्याचं मी बघतो."

मी परत केली. या खेपेला पाकीट भरताना शेवंताबाईंना शेजारी उभं केलं आणि त्यांच्याकडून वदवून घेतलं, की हे कागदाचं आहे. मधल्या काळात काकूंचे दोन-तीन फोन आले. सरांनी लोखंडी तव्याच्या जोडीला मातीचा आणला होता, एका आठवड्याला यावरची भाकरी आणि दुसऱ्या आठवड्याला त्यावरची, आणि चव सारखी लागली तरी पुन्हा पुन्हा तेच. त्यांना काही दिवस येडशीला घेऊन जा, असं काकूंचं म्हणणं होतं.

गेल्या आठवड्यात निकाल आला. जवळपास तोच आकडा. मी सास्तूरला फोन लावला, कडुनिंबाखाली उभा राहून, कारण केंद्रावर रेंज तिथंच थोडी येते. आकडा सांगितला. कागदाच्या पाकिटाचंही सांगितलं. शेवंताबाईंची साक्ष सांगितली. मग विचारलं, की सर, मावशीचा प्रस्ताव पाठवू का?

पलीकडून आवाज आला, "बरं दिसतंय."

मी पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट बघत फोन कानाला लावून उभा राहिलो. ते आलं नाही. शेवटी मी प्रस्ताव पाठवून दिला. पण रेंज गेली होती की वाक्य तिथंच संपलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि परत फोन करून विचारायचा धीर होत नाही.